चोरखिसा

बाजारात पर्स मिळत नव्हत्या असं नव्हतं. मेन रोडला दुकानांच्या बाहेर त्या घडासारख्या टांगलेल्या असत. जरीच्या, चमकीच्या, खोट्या मोत्यांच्या. पण यमुनाने त्या सगळ्या उघडून, आतून चाचपून पाहिल्या होत्या आणि एकही तिच्या कामाची निघाली नव्हती.

"सगळ्यांना एकच कप्पा," ती धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात पाटावर टेकत म्हणाली. "उघडली की सगळं समोर. लंके, तूच विणून दे. शालूवर शोभेल अशी, आणि आत चोरखिसा असलेली."

लंकाने गॅस बारीक केला. चोरखिसा कशासाठी हे तिला विचारावं लागलं नाही.

यमुनाची स्नेहल आठवीत होती तेव्हा एकाएकी वाळत गेली होती. सारखी तहान, सारखी लघवी, आणि एक दिवस शाळेतच पडली. दवाखान्यात नेल्यावर कळलं, मधुमेह. म्हाताऱ्या माणसांचा आजार पोरीला कसा झाला, हे घरात कुणालाच उमजेना. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. सुरुवातीला यमुनाचा हात धजत नसे. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि सुई लंका टोचायची. त्यामुळे स्नेहलचं निम्मं लहानपण सिडकोतल्या या दोन खोल्यांत, मावशीजवळच गेलं. लंकाला मूलबाळ नव्हतं. नवरा सावळीराम एसटीत कंडक्टर होता, सिन्नरच्या गाडीवर. दिवसभर घरात ती आणि तिच्या विणकामाच्या सुया. हिवाळ्याच्या तोंडावर अख्ख्या कॉलनीची स्वेटरं तिच्या हातून निघत.

आता स्नेहल बी.कॉम. होऊन शरणपूर रोडला एका ऑफिसात टायपिंगचं काम करत होती, आणि पिंपळगाव बसवंतच्या एका बागायतदाराच्या घरून तिला होकार आला होता. मुलाचं नाव वाल्मीक. द्राक्षाची बाग, पॅकहाऊसमध्ये भागीदारी. माणसं चांगली होती.

"त्यांना सांगितलंय का?" लंकाने विचारलं.

यमुनाने पदराने कपाळ पुसलं. "आधी दोन ठिकाणी सांगितलं की. एकांनी चहा अर्धा ठेवला नि उठले. दुसऱ्यांनी तर गावभर केलं, रंगनाथरावांच्या पोरीला रोग आहे म्हणून. ह्यांना कारखान्यात लोक विचारायला लागले. आता नाही सांगायचं. लग्न होऊ दे, पोर रुळू दे. मग सांगू हळूहळू."

"आणि तोवर सुई कुठे टोचून घेणार ती?"

"न्हाणीघरात. कडी लावून. पण बाटली, सिरिंज कुठे ठेवणार? नव्या नवरीच्या बॅगा बायका उघडून बघतात. हातातली पर्स मात्र तिची तिच्याजवळ राहते. म्हणून म्हणते, तू विण. तुझ्या हातचं आहे म्हटल्यावर कुणाला वेगळं काही वाटणार नाही."

लंकाने चहा गाळला. नाही म्हणावं असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण यमुनाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आणि नाही म्हटलं तर स्नेहल ती बाटली बाजारच्या पर्सच्या तळाशी रुमालात गुंडाळून नेणार, हेही दिसत होतं. "बघते," ती म्हणाली. आणि बघते म्हणजे हो, हे दोघींनाही माहीत होतं.

रविवारी स्नेहल आली ती सगळं सामान घेऊनच. इन्सुलिनची छोटी बाटली, सिरिंज, कापूस, स्पिरिटची बाटली, ग्लुकोजच्या पुड्या. तिने ते चटईवर मांडलं आणि लंका प्रत्येक वस्तूची लांबी-रुंदी बोटांनी मोजत बसली. पिशवी मोठी झाली तर लग्नात भाजीच्या पिशवीसारखी दिसेल. लहान झाली तर तळ फुगेल. शिवाय उन्हाळ्याचे दिवस. बाटली तापली तर औषध निकामी.

"बाटलीलाच स्वेटर घालू," लंका म्हणाली.

स्नेहल हसली. पण लंकाने खरंच लोकरीचं एक जाड, बोटभर नळकांडं विणलं. बाटली त्यात घट्ट बसली. खाली थर्माकोलचा तुकडा, वरून अस्तर. पिशवीचा तळ जरा जाड दिसला असता. म्हणून बाहेरून खाली गोंडे सोडायचं ठरलं. गोंड्यांत डोळा अडकला की तळाकडे कुणी बघत नाही.

नक्षी स्नेहलने आलेखाच्या कागदावर काढली. डाळिंबी रंगाच्या रेशमी दोऱ्यावर मण्यांचा द्राक्षघड. जांभळे मणी, मधून हिरवे, कडेला सोनेरी जरीची वेल. पिंपळगावची म्हणून द्राक्षं. काढताना ती गुणगुणत होती. मग पेन्सिल थांबली.

"मावशी, त्यांचा फोन आला होता ऑफिसात. विचारत होते, तुला गोडात काय आवडतं."

"मग?"

"मी म्हटलं, सगळंच." ती हसली, आणि मग तिने कागदावरचा एक मणी उगाचच खोडून पुन्हा काढला.

लंकाने बारा नंबरच्या बारीक सुया काढल्या. मण्यांचं विणकाम स्वेटरासारखं नसतं. मणी आधीच दोऱ्यात ओवावे लागतात, तेही उलट्या क्रमाने, कारण शेवटी ओवलेला मणी पहिल्यांदा विणला जातो. नक्षीतला एक मणी चुकला तर पुढचा सगळा घड तिरका जातो. एरवी लंकाला असल्या कामाची मजा वाटली असती. सुलट-उलट करत तिचे हात आपोआप चालत आणि मन मोकळं फिरत राही. या पिशवीला मात्र मन मोकळं राहीना. टाका घ्यावा आणि वाटावं, पिंपळगावच्या घरात न्हाणीघराला कडी आहे का? मणी सरकवावा आणि वाटावं, बाहेरून कुणी दार ठोठावलं तर पोर घाईत जास्त औषध तर नाही ना ओढणार? मग टाका निसटायचा. ती चार ओळी उसवायची. दोरा उसवून उसवून केसाळ झाला, तेव्हा तिने तेवढा भाग कापून टाकला आणि नवा दोरा ओवला.

दारावर कुणी आलं की ती विणकामावर वर्तमानपत्र टाकायची. सावळीरामने एकदा पाहिलं. "अगं, पिशवीच विणतेयस ना? गावठी दारू गाळत असल्यासारखं काय झाकतेस?"

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली. तिला तरी कुठे धड कळत होतं. पिशवीत झाकण्यासारखं अजून काहीच नव्हतं.

मार्चमध्ये वाल्मीकची आई कुसाबाई डोळे दाखवायला नाशिकला आली आणि यमुनाकडे उतरली. विहिणीने लंकाचं विणकाम बघायचा हट्ट धरला, म्हणून यमुना तिला रिक्षाने सिडकोत घेऊन आली. आधी कळवायला लंकाकडे फोन नव्हता. दार उघडलं तर समोर नऊवारीतली, उंच, उन्हाने रापलेली बाई, आणि तिच्यामागे यमुनाचा पडलेला चेहरा.

पिशवी खाटेवर उघडीच होती. विणून झाली होती, अस्तरही लावलं होतं. फक्त हातात धरायच्या लाकडी कड्या आणि गोंडे बाकी होते. कुसाबाईने ती दोन्ही हातांत घेतली.

"अगं बया! हे सुयांवर इनलं व्हय?" तिने द्राक्षाच्या घडावरून अंगठा फिरवला. "आमच्या बागंतला घड तोडून लावल्यासारखा दिसतो. मणी न् मणी बसलाय. लय नाजूक काम हाय, बाई."

लंका हसली. तिचं लक्ष कुसाबाईच्या हाताकडे होतं. तो हात आता पिशवीच्या आत गेला. अस्तराचा पोत बघत खाली गेला. तळाशी थांबला. चोरखिशाला तेव्हा एकच टिचबटण होतं; बोटाच्या रेट्याने ते टिच्च वाजलं आणि सुटलं.

"ह्यो काय आतमंदी? खिशाच्या आत खिसा?"

यमुनाने खोकल्याचं निमित्त करून खिडकी गाठली. खिसा रिकामा होता. बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. तरी लंकाला वाटलं, ही बाई आता सगळं बाहेर काढणार.

"दागिने ठेवायला," ती म्हणाली. "लग्नाच्या गर्दीत... एखादी अंगठी, नथ."

"शहाणी बाई हाय मावशी," कुसाबाई खूश होऊन म्हणाली. तिने पिशवी जपून खाली ठेवली आणि लंकाचा हात हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत आणि ऊबदार होता. "आमच्या घरात माझ्या सासूनं मला कंदी धड बोलू दिलं नाय. म्या ठरीवलंय, सून आली का तिच्यासंगं समदं बोलायचं. कायबी लपवाछपवी नको. पोर गुणाची हाय तुमची."

ती गेल्यावर लंका बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिली. तिला तो धुवावासा वाटला आणि धुववेनाही.

दुसऱ्या दिवशी ती थेट नाशिकरोडला बहिणीकडे गेली. "ताई, सांगून टाकू या. बाई मनाची मोठी दिसते."

"मन मोठं असतं गं दुसऱ्याच्या पोरीपुरतं," यमुना म्हणाली. "सून करायची वेळ आली की सगळ्या बारीक डोळ्यांनी बघतात. तू आई नाहीस, तुला..." ती थांबली. पण जे निघायचं ते निघालं होतं. लंका उठली. यमुनाने तिचा पदर धरला, डोळ्यांत पाणी आणलं, माफी मागितली. आणि मग म्हणाली, "त्या टिचबटणाचं बघ तेवढं. तिच्या हाताला कसं लागलं लगेच."

स्नेहलला लंकाने एकटीला गाठून विचारलं. "तूच का सांगत नाहीस वाल्मीकला?"

"सांगायचंच म्हणून रिसीव्हर उचलते, मावशी. आणि मग ते बागेचं काहीतरी सांगायला लागतात. गारपीट झाली, गाड्या अडकल्या. इतकं भरभरून बोलतात, की मध्येच हे कसं घालू? मग दुसरंच बोलून ठेवून देते." मग ती हळूच म्हणाली, "ते नाही म्हणाले तर आईला परत ते सगळं सोसावं लागेल."

लंकाने चोरखिशाला झाकण लावलं. अस्तराचाच एक दुमडलेला पदर, खाली कडक टिचबटणांची ओळ, आणि टोकाला ब्लाऊजला लावतात तसा हूक. वरून हात फिरवला तर शिवणीशिवाय काही लागेना. उघडताना नख घालून आधी हूक काढायचा, मग झाकण घट्ट धरून ओढायचं. स्नेहलने उघडून पाहिलं, जरा वेळ लागला. "मस्त झालंय," ती म्हणाली. "मलाच सापडत नाही."

साखरपुडा एप्रिलात ठरला, लग्न मे महिन्यात. नाशिकरोडच्या एका छोट्या हॉलमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास विधी आणि मग जेवण. पिशवी लग्नासाठी होती, पण यमुना म्हणाली, आतापासूनच हातात दिसू दे, म्हणजे लग्नात कुणी विचारणार नाही.

डाळिंबी पिशवी हिरव्या साडीवर उठून दिसत होती. कड्या तेल लावून चमकवलेल्या, गोंडे हलत होते. यमुनाच्या सगळ्या नणंदा-जावा पिशवीभोवती गोळा झाल्या. एरवी असं कौतुक झालं असतं तर लंका फुलून गेली असती. ती मात्र हॉलच्या दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

पिंपळगावची मंडळी आली नव्हती. साडेअकरा झाले, बारा वाजत आले. मग कुणीतरी स्कूटरवरून निरोप आणला. ओझरच्या अलीकडे द्राक्षाचा ट्रक आडवा झालाय, हायवे बंद आहे, सगळे तिथेच अडकलेत.

लंका स्नेहलजवळ गेली. "सकाळी सुई घेतलीस?"

"हो, नेहमीच्या वेळी."

"आणि खाल्लंस काय?"

"थोडे पोहे. जाईनात."

"मग आत्ता काहीतरी खाऊन घे."

"विधी व्हायच्या आधी नवरीने खाल्लेलं बरं दिसत नाही," यमुना हळूच म्हणाली. "आत्ता येतीलच ती. पिशवीत ग्लुकोज आहे ना? वाटलंच तर घेईल."

मंडळी आली तेव्हा एक वाजून गेला होता. आल्या आल्या घाई सुरू झाली. गुरुजींना पुढे लासलगावला जायचं होतं. पाट मांडले, स्नेहलला बसवलं, समोर तांब्या-नारळ आणि जिलेटिन कागदाचा चमकता साखरेचा पुडा. वाल्मीक समोरच्या पाटावर. सावळा, शांत तोंडाचा मुलगा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. कुसाबाई हात जोडत जोडत सगळ्यांची क्षमा मागत होती.

लंका बायकांच्या मागे उभी होती. तिला पहिल्यांदा दिसलं ते स्नेहलचं कपाळ. पंखा डोक्यावर होता आणि कुंकवाचा ओघळ नाकावर आला होता. मग तिने पाहिलं, स्नेहलने पिशवी मांडीवर घेतली आहे आणि उजवा हात आत घातला आहे. हात हलत होता. आत काहीतरी शोधत, ओढत, निसटत. स्नेहलचे डोळे गुरुजींवर होते, पण त्यांत बघणं नव्हतं. हाताची थरथर पिशवीत उतरली आणि गोंडे थरथरू लागले.

हूक. ग्लुकोज त्याच्याच आत होतं. थरथरत्या बोटांना हूक निघणार नाही. कुणालाच निघू नये म्हणून तिनेच तो तसा लावला होता.

"मुलीने हात पुढे करावा," गुरुजी म्हणाले.

स्नेहलने हात पुढे केला नाही. ती काहीतरी पुटपुटली, त्याचा कशाशी संबंध नव्हता. एक बाई हसली. "लाजतीय."

लंका बायकांना कोपराने बाजूला सारत पुढे गेली. पिशवी घ्यायला वेळ नव्हता. तिने समोरचा साखरेचा पुडा उचलला, जिलेटिन टराटरा फाडलं, साखर ओंजळीत घेतली आणि स्नेहलच्या तोंडात कोंबली.

"चघळ. स्नेहल, गिळ. माझ्याकडे बघ. गिळ."

हॉलमध्ये एकदम आवाज उठला. साखरपुड्याचा पुडा विधीआधी फोडला! गुरुजी मागे सरकले. कुणी म्हणालं, बाईला वारं आलं. लंकाने दुसरी ओंजळ भरली. साखर साडीवर, पाटावर, पिशवीवरच्या मण्यांवर सांडत होती. वाल्मीक उठून पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तोच त्याने पुढे धरला. स्नेहलने घोट घेतला. तिचे ओठ हलू लागले.

"उपास होता तिचा," यमुना मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "सकाळपासून काही नाही पोटात, चक्कर आली एवढंच."

सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यावर भागलं असतं. लंकाला ते कळत होतं. गुडघ्यावर बसून, हाताला साखर चिकटलेली, तिने स्नेहलकडे पाहिलं. पोरीच्या नजरेत हळूहळू भान परत येत होतं. पुढच्या वेळी ही कुणाच्या घरात असेल? कुणाला ठाऊक असेल, की आधी साखर द्यायची?

"उपास नाही," लंका म्हणाली. "तिला मधुमेह आहे. लहानपणापासून. रोज इन्सुलिन घेते. खायला उशीर झाला की असं होतं."

मग कुसाबाई पुढे आली. तिने स्नेहलच्या मांडीवरची पिशवी घेतली, आत हात घातला. तिच्या बोटांनी तळ चाचपला, हूक ओळखला, झाकण ओढलं. टिचबटणं एकामागून एक सुटली. लोकरीच्या आवरणातली बाटली तिने तळहातावर घेतली आणि परत आत ठेवली. मग लंकाकडे वळली.

"आजाराचं ऱ्हाऊ द्या बाजूला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "म्या तुमचा हात हातात घेतला व्हता. तुमी माझ्या तोंडावर सांगितलं, दागिने ठेवायला."

लंका हाताची साखर पदराला पुसत राहिली.

पिंपळगावची मंडळी न जेवता गेली. वाल्मीक दारात थबकला, स्नेहलकडे पाहिलं, पण आईने हाक मारली तसा तोही गेला. रंगनाथराव खुर्चीवर बसून राहिले. वाढपी पानं घेऊन उभेच होते. यमुनाने बहिणीच्या दोन्ही दंडांना धरून तिला हलवलं. "माझ्या पोरीचं वाटोळं केलंस तू! झाकलं गेलं होतं ते! झाकलं गेलं होतं!"

स्नेहल म्हणाली, "आई, सोड तिला." तिच्या ओठांच्या कडांना अजून साखर होती.

त्यानंतरचे दिवस लंकाला धड आठवत नाहीत. ती भाजी करपवायची, दूध उतू घालवायची. नाशिकरोडला जायची सोय नव्हती. यमुनाने दार लावलं होतं. पिशवी मात्र लंकाकडेच होती. साखरेने चिकट झाली होती म्हणून धुवायला आणली होती. धुऊन, वाळवून ती तिने समोर घेतली आणि कात्रीने हूक कापला. मग टिचबटणं. मग अख्खं अस्तर उसवलं. काय करतेय हे तिने ठरवलं नव्हतं. पण हात थांबेनात. उरलेल्या डाळिंबी दोऱ्याचा तिने एक सरळसाधा खिसा विणला आणि पिशवीच्या बाहेर, मागच्या बाजूला लावला. एका हाताने उघडेल असा, वर नुसती एक गुंडी.

गुंडी लावत होती तेव्हा दारात मोटारसायकल थांबली. वाल्मीक होता, एकटाच. त्याने चप्पल काढली, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकून बसला.

"मावशी, मला एकदा नीट सांगा. काय होतं, किती वेळात होतं, काय करायचं."

लंकाने सांगितलं. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. आधी साखर, मग जेवण. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. बाटली तळहातात कशी घोळवायची, सिरिंज कशी भरायची. त्याने मध्येमध्ये प्रश्न विचारले. बाटली किती थंडाव्यात ठेवायची हे ऐकल्यावर म्हणाला, "आमच्या पॅकहाऊसला शीतगृह आहे. द्राक्षाला जमतं ते औषधाला जमेलच." मग त्याने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"ते तिला विचारा."

त्याने विचारलं. काय बोलणं झालं ते लंकाला स्नेहलकडून नंतर कळलं. स्नेहलने कुणावर ढकललं नाही. मी सांगायला हवं होतं, मला भीती वाटली, एवढंच म्हणाली. आणि वाल्मीक म्हणाला की आईला मी समजावतो, तेव्हा तिने त्याला थांबवलं. "आईंशी मी बोलते. तुम्ही नाही."

ती वडिलांना घेऊन पिंपळगावला गेली. कुसाबाईने रंगनाथरावांना ओट्यावर बसवलं आणि स्नेहलला आत चुलीपाशी नेलं.

"पोरं व्हतील का तुला?"

"होतात म्हणतात डॉक्टर. जपावं लागतं."

"सुई दुखती?"

"आता नाही वाटत."

कुसाबाई कितीतरी वेळ भाकरी थापत राहिली. मग परात बाजूला सारून म्हणाली, "एक टायमाला किती भाकरी खाती तू? खरं सांग."

लग्न त्या मे महिन्यात झालं नाही. कुसाबाईच्या मनाची तयारी व्हायला पावसाळा गेला; मध्यंतरी ती स्नेहलच्या डॉक्टरांना स्वतः भेटून आली, भावकीतल्या लोकांची तोंडं ऐकली, दोनदा नको म्हणाली. तुळशीचं लग्न झाल्यावर निरोप आला. यमुना सगळ्यांना पत्रिका वाटत फिरली. लंकाकडे पत्रिका घेऊन मात्र रंगनाथराव आले.

लग्न नाशिकलाच झालं, संध्याकाळच्या मुहूर्तावर. अक्षता पडल्या, फोटो झाले, पंगत बसायची वेळ आली. स्नेहल शालूतच उठली आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली. पिशवीच्या मागच्या खिशाची गुंडी काढून तिने बाटली घेतली. बायका बघू लागल्या. कुणीतरी कुजबुजलं. लंका दूरच्या पंगतीतून अर्धवट उठली होती, तेवढ्यात कुसाबाई आडवी आली, सुनेकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी पदर पसरला.

"काय बघताय?" ती बायकांना म्हणाली. "औषध घेती. चला, पानं वाढा."

सुई आत गेली, कापूस दाबला गेला. कुसाबाईने पदर सोडला आणि जाता जाता लंकाच्या पानासमोर थांबली.

"माझा राग हाय तुमच्यावर अजून."

"असू द्या," लंका म्हणाली. "बरोबर आहे तो."

"पण जेवून जा."

यमुना समोरच्या पंगतीत वाढत होती. या पंगतीत ती आलीच नाही. लंकाच्या पानात वरण पडलं, तूप पडलं, तिचं लक्ष नव्हतं. ती स्नेहलच्या पानाकडे बघत होती. फोटोवाला आला, कुणी उखाण्याचा आग्रह धरला, वाल्मीकने त्यांना हाताने थांबवलं. स्नेहलने भात कालवला, पहिला घास घेतला, मग दुसरा. तेव्हा कुठे लंकाने आपल्या पानाला हात लावला.